हँडल पलीकडच्या गावात

मी पाण्याचं इंजिन बोलतोय. नुसतं बोलतोय. सुरू होणं माझ्या हातात नाही, कारण माझं हँडल माझ्यापाशी नाही.

१९५५ साली दोन गावांनी मिळून मला आणलं. एक बारामती तालुक्यातलं, दुसरं इंदापूरचं, मधे ओढा. नावं सांगत नाही. आधी कोणाचं घेतलं यावरून पुन्हा जुंपेल. आठ-आठ दिवसांची पाळी ठरली. बैलगाडीत बसून मी विहिरीविहिरीवर फिरलो, मिरची-वांगी पिकवली.

पण शेजाऱ्यावर विश्वास ठेवणं इथं भोळेपणाचं समजतात. चोरून कोणी मला चालवू नये म्हणून शहाण्यांनी तोड काढली: माझा मुक्काम बारामतीकडच्या गावात, हँडलचा इंदापूरकडच्या. ज्याची पाळी, त्याच्याकडं दुसऱ्यानं आपल्याकडचं पोचवायचं. दोन वर्षं हे निभलं, हेच नवल.

मग ऐन चैत्रात निरोप आला, दोन तालुक्यांची भागीदारी बघायला मोठे पाहुणे येणार. पाळी आमच्या गावाची होती. कुशाबाईची अर्धा एकर मिरची माना टाकत होती; मोटेचा तिचा बैल माघातच मेला होता. ती ओढा ओलांडून पलीकडच्या पुढाऱ्याकडं गेली.

"हँडल द्या, बापूसाहेब. दोन रोजात मिरची करपंल."

"आदी इंजिन हितं धाडा म्हणावं. पाव्हणं त्येला हार आमच्या गावात घालणार."

ती परतून आमच्या गावचे पुढारी आप्पासाहेब यांच्याकडं आली.

"इंजिन गेलं तर पाव्हणंबी तिकडंच जात्याल. तू हँडल आण."

"मी काय चेंडू हाय व्हय, तुमी दोघांनी झेलायला?"

रतन लोहार नवं हँडल घडवायला तयार होता. आप्पासाहेबांनी त्यालाच दटावलं, "करार मोडतुयास? गावाला नावं ठेवत्याल!"

शेवटी कुशाबाईनं मोटेचा नाडा माझ्या चाकाला गुंडाळला आणि सगळं अंग टाकून ओढला. मी अर्धा फेरा फिरलो, एकदा खोकलो, थांबलो. तिच्या तळहाताची सालं निघाली. लाज मला वाटली. ज्यांना वाटायला हवी होती ते कमान बांधत होते.

पाचव्या दिवशी पाहुणे आमच्याच गावात आले. मला हार, फोटो, खांद्याला खांदा लावण्याचं भाषण. बापूसाहेबही पुढच्या रांगेत हजर; हँडल मात्र घरी. कुशाबाई करपलेलं रोप घेऊन पुढं झाली.

"सायेब, येकडाव चालू करून दावा की."

पाहुण्यांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं.

"कुशे, आज कार्यक्रम हाय. कामाचं उद्या बघू."

बापूसाहेब सगळ्यात आधी हसले. दोन्ही गावांचं तेवढंच एकमत झालं.

तो उद्या अजून उजाडलेला नाही. माझ्या टाकीवर कोंबडी अंडी घालते. पलीकडं हँडल म्हणे दाराला अडसर म्हणून लावलंय. कुशाबाई माझ्याकडं न बघता, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते.

माझा तो फोटो कुठं टांगलेला दिसला, तर एवढं करा, जरा जवळ जाऊन बघा. हँडल जिथं बसतं, त्याच दांड्यावर हार अडकवलाय.