कोरडा कोपरा

"थांब थांब थांब! मागे घे. अजून. अजून थोडं... हां! हे बघ!" केतन एवढ्या जोरात ओरडला की माझा हातच सटकला लॅपटॉपवरून. "दिसलं? पोछाच नाही मारलाय तिकडे! हाफटाइमनंतर एकदासुद्धा नाही!"

आणि खरंच नव्हता मारला. व्हिडिओ मीच काढलेला, वरच्या गॅलरीतून, स्टँड लावून, आख्खं कोर्ट दिसेल असा. हाफटाइमनंतर भिवाकाका मॉप घेऊन तेरा वेळा आत आलेले, मी मोजलं, आणि तेरातल्या एकाही वेळी दाराजवळच्या त्या कोपऱ्यात गेले नव्हते. आमचा सुमित घसरून पडला तो कोपरा.

"संपला विषय," केतन म्हणाला. "दक्षते, हेच लावायचं उद्या. सगळ्यांसमोर."

तुमच्यातलं कोणीच नव्हतं ना तेव्हा, म्हणून पहिल्यापासून सांगते. पण मध्ये बोलू नका, माझी लिंक तुटते.

तर शुक्रवारी सेमीफायनल. आमचे क्रीकर्स, म्हणजे कोलशेतची बास्केटबॉल टीम, आणि समोर डोंबिवली. आता डोंबिवलीकडून हरणं म्हणजे काय ते ठाण्यातल्या माणसाला समजवायला लागत नाही, पुढचं वर्षभर ते लोक गुड मॉर्निंगच्या जागी स्कोअर पाठवतात. तीन मिनिटं उरलेली. चौऱ्याहत्तर-चौऱ्याहत्तर. आम्ही चाळीसेक जणं बाकांवर उभे, केतनच्या ताशाची काडी तुटलेली, तो हातानेच बडवत होता. तेवढ्यात त्यांच्या अकरा नंबरला कोपऱ्यात बॉल मिळाला. हा अकरा नंबर म्हणजे एकदम सुकडा, चष्म्याला मागून इलॅस्टिक, बघून वाटेल क्लासला निघालाय. पण त्याने लांबून टाकून टाकून सहा बास्केट मारलेल्या, एकेक तीन-तीन पॉइंटची, आणि आम्ही प्रत्येक वेळी एकमेकांना सांगत होतो, लक आहे रे, लक आहे. सुमित, आमचा कॅप्टन, त्याला अडवायला धावला, आणि पोचता पोचता सप्पकन आडवा! अकरा नंबरने चष्मा वर सरकवला आणि आरामात सातवी टाकली.

सुमित उठला. जमिनीला हात लावला. आणि तोच हात भिवाकाकांकडे केला. असा. आख्ख्या हॉलला दिसेल असा.

त्यानंतर आमची टीम जी बसली ती उठलीच नाही. नऊने हरलो.

मग ग्रुपवर जे सुरू झालं! कोणी म्हणे कोच बदला, कोणी म्हणे आपली पोरं फक्त समोरच्या बास्केटकडे धावतात, परत यायचं म्हटलं की यांना रिक्षा लागते. केतनने लिहिलं, आपला डिफेन्स म्हणजे माजिवड्याचा नाका, कोणीही कुठूनही घुसा. पण मग सुमितने स्वतःच टाकलं, 'फ्लोअर ओला होता, मी काय करू?' बास. डिफेन्स-बिफेन्स विसरले सगळे आणि भिवाकाकांवर तुटून पडले. म्हातारा झोपतो. म्हातारा खाली मान घालून बसतो, मॅच बघतच नाही. मीपण एक टाकलं. काय ते विचारू नका.

भिवाकाका म्हणजे कोलशेत गावातलेच, आगरी. आधी मिठागरात होते, ते बंद झालं तेव्हा वागळे इस्टेटला एका कंपनीत लागले, ती उठून गेली तेव्हा आमच्या हॉलवर आले, त्याला झाली अकरा वर्षं. झाडणं, उघडणं, बंद करणं सगळं तेच. मॅच असली की मधल्या रेषेजवळ उलट्या बादलीवर बसतात, मॉप मांडीवर आडवा. शिट्टी वाजली की उठून आत, घाम पडला असेल तिथे दोन हात मारायचे आणि खेळ सुरू व्हायच्या आत बाहेर. खरं सांगू? मी तीन वर्षं तिथे व्हिडिओ काढतेय, आणि रील बनवताना त्यांना कापून टाकते. फ्रेममध्ये येतात म्हणून.

क्लबच्या सेक्रेटरी माधवीताई. त्यांनी सगळ्यांना रविवारी सकाळी दहाला हॉलवर बोलावलं, आणि भिवाकाकांना फोन केला की येताना किल्ली घेऊन या. म्हणजे कळलं ना काय ते?

दहाला आम्ही सगळे कोर्टाच्या मधोमध गोल करून उभे. स्कोअरच्या टेबलावर माझा लॅपटॉप. सुमित एका बाजूला, हूडी डोक्यावर. भिवाकाका धुतलेला पांढरा शर्ट घालून आलेले, हातात किल्ली. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"भिवाकाका, मुलांचं म्हणणं तुम्ही ऐकून घ्या," माधवीताई म्हणाल्या. "मग तुमचं काय ते सांगा."

केतनने लावला व्हिडिओ. "तेरा वेळा आत आलात काका. इथे आलात, इथे आलात, बास्केटखाली तर दहा वेळा आलात. आणि ह्या कोपऱ्यात?"

भिवाकाका वाकून बघत राहिले. त्यांना स्वतःलाच असं वरून बघायची पहिलीच वेळ असणार.

"नाय जेलो," ते म्हणाले.

"घ्या! कबूल केलं!"

"तिथं घामच परला नाय. मंग पुसू काय?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. "काका, बास्केटबॉल होता, सत्यनारायण नाही. घाम सगळीकडे पडतो."

"सगलीकरं नाय परत." एकदम शांत आवाजात. चिडले असते तर बरं वाटलं असतं. "मानूस उबा ऱ्हातो तिथं परतो. ही बग, तुमची पाच पोरं. पाची बास्केटखाली. तिथं मी धा येला आलो. ह्या कोपऱ्यात तुमचा कोनी जेलाच नाय."

"आणि अकरा नंबर? तो तर तिथेच मुक्काम ठोकून होता! त्याला घाम नाही आला?"

"त्याला कोन घाम आनतंय?"

केतन तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मी उत्तर देणार होते.

"बाय," काका मला म्हणाले, "आदीचा लाव. हाफच्या आदीचा."

तो आम्ही बघितलाच नव्हता. मी लावला. आणि भिवाकाका दाराजवळच्या कोपऱ्यात! त्याच कोपऱ्यात! एकदा, दोनदा, पाच वेळा. डोंबिवलीची पोरं तेव्हा तिथे उभी राहून आपल्याला अडवत होती ना, त्यांचा घाम. मग मी दुसऱ्या टोकाला बघितलं, कँटीनच्या बाजूला, जिथे पहिल्या हाफमध्ये आमची पोरं अडवत होती. तिकडचा तिरका कोपरा. शून्य. एकदाही मॉप नाही.

"हाफला तुमी बाजू बदलली," भिवाकाका म्हणाले, "तं कोरडा कोपरा पन तुमच्या संगती तिकरून इकरं आला."

आई शप्पथ सांगते, माझ्या हातावर काटा आला. आत्ता सांगतानाही येतोय, बघा. तो व्हिडिओ मी चार वेळा बघितलेला, केतनने सहा वेळा, आणि आम्ही बॉल बघत होतो. बॉल जिकडे, डोळे तिकडे. आता पहिल्यांदा बॉल सोडून बघितलं, तर आमची पाचही पोरं बास्केटखाली गुळाला मुंगळे चिकटल्यासारखी, आणि तिकडे अकरा नंबर एकटा, चष्मा पुसतोय! खरंच पुसतोय! सातच्या सात बास्केट कोरड्या कोपऱ्यातूनच. ह्याला आम्ही लक म्हणत होतो.

"काका," केतनचा आवाज एकदम खाली आला, "तुम्हाला एवढा गेम कळतो? मग कधी बोलला का नाहीत?"

"मना काय कलतंय गेममदला? मी बॉल बगतच नाय कंदी."

"म्हणजे?"

"अकरा वर्सांत एकच बास्केट परताना बगितली मी. कोन जिकला तं पोरं वरडतात त्यावरून कलतं."

अकरा वर्षं, यार! विचार करा. आम्ही ओरडून ओरडून घसा बसवतो, आणि तो माणूस तिथे दहा फुटांवर बसून वर बघतच नाही!

माधवीताईंनी विचारलं, "पण का, भिवाकाका?"

त्यांनी किल्ली ह्या हातातून त्या हातात घेतली.

"पयल्या वर्साला एक पोरगी व्हती. नीला. बारीकशी. मॅच चालू, सगली पोरं वरडत व्हती, म्हनून मीपन वर बगितला. बॉल असा गोल फिरला नि परला आत. मना लय आवरला. मी टाली वाजवत व्हतो. तवाच ती घसरली. मनगाट मोरला तिचा." त्यांनी स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "पानी मना दिसला असता. मी वर बगत व्हतो. ती परत खेलाय आली नाय. तवापासून मी जमीनच बगतो. आनि तवापासून हितं कोनी घसरला नाय. परवापरेंत."

बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, ते ऐकू येत होतं.

मग भिवाकाका सुमितकडे वळले. मला वाटलं आता सुनावतील. सुनावायलाच पाहिजे होतं ना! आम्ही त्यांना झोपाळू म्हटलं, काय काय म्हटलं. पण ते त्याच्याजवळ गेले आणि एकदम हळू, जसं घरातल्या पोराला विचारतात तसं म्हणाले, "बाला, तू परलास तवा हात लावलास ना जमिनीला? तुज्या हाताला पानी लागला का?"

सुमितने हूडी अजून पुढे ओढली.

"तुमी सगले जेल्यावर मी पन हात फिरवला. मना कोरडी लागली. पर माजा हात आता जून झाला, कल्त नसंल. तू खरा सांग. पानी असंल तं माजी चुकी. मी किल्ली ठेवतो नि जातो. मना फक्त सांग."

कळलं का तुम्हाला? त्यांना नोकरीचं काही नव्हतंच. तो माणूस घरी जाऊन दोन दिवस फक्त एवढाच विचार करत होता की आपल्या जमिनीवर पाणी राहिलं का. आणि ते माहीत असणारा जगात एकच जण होता.

सुमितने हूडी मागे केली. त्याचे डोळे लाल झालेले.

"नाही काका," तो म्हणाला. "कोरडं होतं."

"नक्की?"

"नक्की. मी... मला त्याच्यावर जायचं होतं, अकरा नंबरवर. कोचने पहिल्यापासून सांगितलेलं. पण मी गेलोच नाही. पाय वाचवत होतो, पुढे जाऊन बास्केट मारायला. मग शेवटी एकदम धावलो, तर माझाच पाय माझ्या पायात..." त्याने बाहीला नाक पुसलं. मग बोलला. "हात लावला तेव्हाच कळलेलं मला कोरडंय म्हणून. तरी मी तुमच्याकडे दाखवलं."

सुमितने हात एकदाच दाखवला, आम्ही तर दोन दिवस दाखवत होतो.

भिवाकाकांनी एवढा मोठा श्वास सोडला की त्यांचा शर्ट हलला. "कोरडी व्हती," ते स्वतःशीच म्हणाले. "मंग ठीक हाय." बास, एवढंच! सुमितच्या खांद्यावर हात ठेवला, दोनदा थोपटलं. मी असते तर कानाखाली काढली असती.

"किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, भिवाकाका," माधवीताई म्हणाल्या. त्या अजून काहीतरी बोलणार होत्या, माफीचंच असणार. पण काकांचं लक्षच नव्हतं. किल्ली कंबरेला लावता लावता त्यांनी खाली बघितलं, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

मीपण बघितलं. बाहेरचा रस्ता खोदून ठेवलाय ना, सगळीकडे राखाडी माती. आणि आम्ही चाळीस जणं बाहेरचे बूट-चपला तसेच घालून थेट कोर्टाच्या मध्यात उभे. दारापासून टेबलापर्यंत पायच पाय उमटलेले, एकावर एक. त्यांचा एकट्याचा एकही नव्हता. त्यांच्या चपला दाराबाहेर होत्या, शेजारी शेजारी लावलेल्या.

ते आत गेले, बादली भरल्याचा आवाज आला.

केतन खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग मी सँडल काढले. मग माझ्या बाजूच्याने, मग त्याच्या बाजूच्याने, आणि माधवीताईंनी लॅपटॉपच्या टेबलाला धरून एकेक पट्टा सोडवला. सुमित तर मोज्यांवरच उभा होता, बूट छातीशी धरून.

भिवाकाका मॉप घेऊन बाहेर आले तेव्हा आम्ही कडेकडेने, भिंतीला लागून, अनवाणी दाराकडे चाललेलो. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. त्यांनी मधल्या रेषेपासून सुरुवात केली, आणि खाली बघत, एकेक पाऊल पुसत, हळूहळू दारापर्यंत आले. आम्ही अजून पायरीवरच होतो, बूट हातात घेऊन.