बिनडोक्याचा पुतळा आणि धाकटी महालक्ष्मी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या गोष्टीवर आजवर कुणीही विश्वास ठेवलेला नाही. तुम्हीही ठेवणार नाही. मी एक जुना, लाकडी, बिनडोक्याचा पुतळा आहे. आज अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावातल्या या घराच्या पाहुण्यांच्या खोलीत उभा असलो, तरी एके काळी अख्ख्या ट्रॉय शहराचं युद्ध मी एकट्यानं लढलो आहे. शेजारच्या सिद्धेश, हसू नकोस. आणि या घरच्या अस्मिता, तू तो हात खाली कर. गोष्ट अजून सुरूही झाली नाही, तर प्रश्न कसला?

माझा जन्म पॅरिसचा. अक्रोडाच्या एका भल्यामोठ्या झाडातून सुतारानं मला घडवलं. उरलेल्या लाकडाचा राजाचा पलंग झाला. म्हणजे नात्यानं मी राजाच्या पलंगाचा थोरला भाऊ. माझे खांदे, कोपर, गुडघे, सगळे सांधे माणसासारखे वळतात. असे पुतळे चित्रकार जवळ ठेवतात, कारण जिवंत माणूस एका जागी उभा राहून कंटाळतो, शिंकतो, जेवायला पाहिजे म्हणतो. आम्ही काही मागत नाही.

माझे मालक होते चित्रकार वाल्मोराँसाहेब. त्यांचं नाव तुम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण पुस्तकं लिहिणारे सगळे त्यांच्यावर जळायचे. जुन्या ग्रीक आणि रोमन लोकांच्या गोष्टी, त्यांचे देव, त्यांची युद्धं हे साहेबांचे विषय. सगळं कसं रेखीव, संगमरवरात कोरल्यासारखं. आणि त्या सगळ्यांत मी! सकाळी मी ट्रॉयचा वीर हेक्टर, दुपारी हेक्टरची बायको, संध्याकाळी हेक्टरचा घोडा. एकदा साहेबांनी समुद्राचा देव रंगवला, तर खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर आली. तिच्या छताला ओल आली होती.

साहेबांचा जीव मात्र कापडात. ओलं कापड माझ्या अंगावर टाकायचे आणि चुण्या लावत बसायचे. चुणी खांबासारखी सरळ पडली पाहिजे. एकेका चुणीपायी दिवस जायचा. “वीर कुणीही रंगवेल,” ते म्हणायचे, “त्याचं वस्त्र रंगवून दाखवा.”

मग लोकांनी राजा हटवला आणि शहरभर धरपकड सुरू झाली. त्या दिवशी मी नेमका कार्थेजची राणी होतो. डोक्यावर मुकुट, अंगावर मखमल. शिपाई दार फोडून आत आले आणि म्हणाले, “सापडली राणी!” मला गाडीत घालून चौकात नेलं. मी मान ताठ ठेवली. वरून गिलोटिनचं पातं आलं, खट्! रक्ताऐवजी उडाला भुसा. पुढच्या रांगेतली माणसं शिंकू लागली. माझं डोकं गडगडत गेलं ते एका टोपीवाल्यानं उचललं. आजही ते पॅरिसच्या कुठल्याशा दुकानात रोज नवी टोपी घालून मिरवतंय.

“वेट, वेट,” सिद्धेश म्हणतोय. “डोकं तिकडे, तर मग नंतरचं तुला दिसलं कसं? यू हॅव नो आइज!”

अरे, ते डोकं तिकडून बघतं आणि मला कळवतं. तुमच्या घरात ते बिनतारी इंटरनेट आहे ना, तसंच. तुझे बाबा त्यातच काम करतात, विचार त्यांना. अस्मिता, तुला सांगितलं ना, हात खाली! त्या बोटाला पट्टी बांधली आहे तुझ्या, उगाच दुखेल.

साहेब गेले आणि मी जहाजानं अमेरिकेला आलो. वाटेत वादळात डोलकाठी मोडली, तेव्हा चार दिवस डोलकाठीचं काम मीच केलं. पुढे इथल्या एका चित्रकलेच्या शाळेत लागलो. पहिली काही वर्षं मुलं मला बघून चित्रं काढत. नंतर चित्रांची तऱ्हा बदलली आणि मुलं माझ्यावर ओले कोट अडकवू लागली. मित्रांनो, ज्याच्या खांद्यावर हेक्टरचं चिलखत होतं, त्याच्यावर कुणाचातरी ओला रेनकोट! माझे कोपर तेव्हाच ओलीनं फुगून आखडले.

शाळा बंद झाली, सामान विकायला अंगणात मांडलं. अस्मिताचे बाबा मनोहरकाका गवत कापायचं यंत्र घ्यायला आले होते. त्यावर मी फुकट मिळालो.

“हे काय भूत आणलं?” अस्मिताची आई, नीलांबरीकाकू, दारातच म्हणाल्या.

“अगं, सुतारकाम बघ ना काय आहे!”

“सुतारकाम गराजमध्ये बघा तुम्ही. माझ्या घरात डोकं नसलेला एक माणूस पुरे आहे.”

तेव्हापासून मी गराजमध्ये, तांदळाची पोती आणि ते यंत्र यांच्या मध्ये. आणि यंदाच्या उन्हाळ्यात काकूंनी ठरवूनच टाकलं, मोठा कचरा नेणारा ट्रक येईल तेव्हा मला रस्त्याच्या कडेला ठेवायचं.

पण त्याआधी आल्या महालक्ष्म्या. पुण्याकडचे लोक ज्यांना गौरी म्हणतात, त्याच. मनोहरकाकांचं घर नागपूरचं. त्यांच्या आईचे गुडघे गेले, म्हणून यंदा त्यांनी थोरल्या सुनेला, म्हणजे काकूंना, दोन्ही मुखवटे दिले आणि बजावलं, “सूनबाई, आपल्याकडे त्या कधी मांडल्या नाहीत असं झालेलं नाही. आणि आपल्याकडे त्या उभ्याच असतात, हे विसरू नको.” मुखवटे विमानात काकूंच्या मांडीवर बसून आले. ज्यांच्यावर ते बसवतात त्या लोखंडी कोठ्या मात्र नागपूरला राहिल्या. काकू म्हणाल्या होत्या, “अमेरिकेत काय मिळत नाही!”

सगळं मिळतं, फक्त महालक्ष्मीचं धड मिळत नाही. कपड्यांच्या दुकानात पुतळे होते, पण सगळे कमरेवर हात ठेवून भांडायला उभे असल्यासारखे. आवाहनाचा दिवस आला तो आठवड्याच्या मध्ये. संध्याकाळी मंडळी यायची होती, आणि आजी नागपुरात पहाटे उठून कॉम्प्युटरवर बघायला बसणार होत्या. दुपार झाली तरी मुखवटे डायनिंग टेबलावरच. काकू खुर्चीत बसून म्हणाल्या, “पहिल्याच वर्षी माझ्या हातून ही रीत मोडणार बहुतेक.” आवाज अगदी बारीक झाला होता.

तेव्हा ही अस्मिता म्हणाली, “आई, गराजमध्ये तो हेडलेस मॅन आहे ना? त्याला फक्त डोकंच नाहीये. आणि आपल्याकडे फक्त डोकीच आहेत.”

मित्रांनो, मला आंघोळ घातली! लाकडाला तेल लावलं. ज्येष्ठेचा, म्हणजे थोरलीचा, मुखवटा माझ्या मानेवर असा बसला की तो सुतार जणू तिचंच माप घेऊन गेला होता. आणि काकूंनी मला पैठणी नेसवली. बोटांत निऱ्या धरल्या, एक झटका दिला, खोचल्या. सरळ, खांबासारख्या! साहेबांना जे दिवसभरात जमत नव्हतं, ते काकू फोनवर बोलता बोलता करत होत्या. साहेब असते तर त्यांनी ब्रश खाली ठेवून हात जोडले असते.

धाकटी मात्र उंच दिव्याच्या दांड्यावर उभी केली. कपड्यांची टोपली बांधून पोट, आणि वर डक्ट टेप. मनोहरकाका म्हणाले, “दिवा चालूच ठेवू का? आतून मस्त ग्लो येईल.”

“महालक्ष्मी आहे ती. आकाशकंदील नाही.”

दिवा बंद राहिला, पण त्याची वायर तशीच जमिनीवर राहिली. अस्मिताला आमच्या मागे पडद्याआड बसवलं होतं, दिव्यांच्या माळेचं बटण सांभाळायला.

आरती सुरू झाली. काकूंच्या हातात पेटतं तबक. काका कॅमेरा धरून मागे मागे सरकत आईला नैवेद्याचं ताट दाखवत होते. त्यांचा पाय वायरीत अडकला आणि धाकटी पुढे झुकली. टाळ्या थांबल्या. काकूंना तबक टाकता येईना, धाकटीला धरता येईना. मुखवटा घसरत होता, खाली फरशी होती.

आणि मी हात पुढे केला. इतकी वर्षं आखडलेला माझा हात कर्रकन वळला, धाकटीच्या खांद्याला लागला आणि ती तिथेच थांबली. मी! ज्यानं ट्रॉय राखलं, त्यानं धाकटीही राखली.

कॉम्प्युटरवर चित्र जरा उशिरा पोचतं. आजींनी पाहिलं ते एवढंच, की थोरलीनं धाकटीला जवळ घेतलं आहे. त्या म्हणाल्या, “आपल्याकडे एवढी वर्षं शेजारी शेजारी उभ्या होत्या गं. अशा जवळ घेऊन कधीच नव्हत्या. छान मांडल्यास, सूनबाई.” काकूंनी दंडानं डोळे पुसले. सगळे म्हणाले, देवीचीच कृपा! म्हणू देत. मोठी माणसं श्रेय मागत नाहीत.

ट्रकवाल्याला मी मिळालो नाही. विसर्जनानंतर काकूंनी स्वतः मला इथे आणलं आणि जुनी मऊ साडी पांघरली. तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंवर ओले कोट टाकू नका. वर्षातून एकदा तेल द्या, सांधे हलवून बघा. कुणाचा हात कधी कामी येईल, सांगता येत नाही. माझाच बघा ना, ऐन वेळी माझा मीच...

बरं, विचार, अस्मिता. सगळा वेळ तो हात वर धरून बसली आहेस. काय आहे?

“खोटं! तू नाही केलास हात पुढे! मी पडद्यातून ढकलला तो, दोन्ही हातांनी! आणि तुझ्या कोपरात माझं बोट चेंगरलं, हे बघ!”