सासूबाई फुगल्या नाहीत

सोमवारी उत्तरेचा वारा सुटला आणि दुकानातल्या खुर्च्या-कपाटांनी सकाळपासून बोटं मोडायला सुरुवात केली. कुणाच्या नावाने मोडतात ते लाकडांनी सांगितलं नाही. वहिनींना विचारलं असतं तर त्यांनी नाव सांगितलं असतं, आणि वर दोन विशेषणंही जोडली असती.

समुद्राकाठच्या या दक्षिणेकडच्या शहरात थंडी पाहुणीसारखी येते. चार दिवस राहते, सगळ्यांचे ओठ फोडते आणि कुणी 'राहा अजून' म्हणायच्या आत निघून जाते. बाकी हिवाळा म्हणजे समुद्राचा दमट श्वास. म्हणून कोरडा वारा आला की वहिनी पॉलिशच्या खोलीची खिडकी उघडून त्याचं माहेरच्या माणसासारखं स्वागत करत. लाखेच्या पॉलिशला कोरडी हवा लागते. ओल्या हवेत हात मारला की चकाकी राहते बाजूला, लाकडावर दुधाच्या सायीसारखा पांढरा थर येतो.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे, पण सुतारापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्यांना तेच म्हणत, कारण दुकानाचा मालक त्यांना तसं म्हणायचा. मालक म्हणजे धाकटा दीर. दुकान मुळात वहिनींच्या नवऱ्याने उभं केलेलं, जुन्या लाकडी सामानाच्या दुरुस्तीचं आणि पॉलिशचं. तीन वर्षांपूर्वी तो गेला, आणि दीर 'तात्पुरता' गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसला. तात्पुरतं हा शब्द मोठा टिकाऊ असतो. खुर्चीची गादी दोनदा बदलून झाली, दीर काही बदलला नाही. लाकडातलं त्याला एवढंच कळे, की ते जळतं. पण उंटावरून शेळ्या हाकायला लाकूड कशाला कळायला पाहिजे?

वहिनींकडे उरली होती मागची खोली. एक खिडकी, स्पिरिटचा वास, कापसाचे बोळे आणि नवऱ्याचं जुनं कामाचं टेबल. सोळा वर्षं त्या इथेच, आधी नवऱ्याच्या बाजूला आणि मग एकट्या, उभ्या राहून हात चालवत आलेल्या. रुसायला, रडायला आणि मनातल्या मनात दिराला शिव्या घालायला त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती.

त्या सोमवारी दीर दारात उभा राहिला. मध्ये वाचनालयाचं बारा फुटी टेबल पसरलेलं होतं. रविवारी वाचनालयाचं नवं दालन उघडणार होतं आणि हे टेबल त्याच्या मधोमध बसणार होतं.

"वहिनी, हे झालं की खोली बंद."

वहिनींचा हात थांबला. "बंद म्हणजे?"

"म्हणजे स्प्रेचं मशीन येतंय. ठरवलंय मी. फुस्स केलं की झालं, दहा मिनिटांत कपाट चकाचक. ही हातमेहनत कोण करत बसणार? तुम्ही पुढे या, सामान झटका, गिऱ्हाइकाला पाणी द्या. बसून काम."

"भाऊजी, जुन्या लाकडाला स्प्रे..."

"वहिनी." तो हसला. वाईट बातमी गोड करून सांगताना तो नेहमी हसायचा. "तुमचं काम हाताचं. तोंडाचं नाही. तोंडाचं मी बघतो."

तो गेला. वहिनींनी बोळा उचलला आणि पुन्हा गोल गोल फिरवायला लागल्या. त्या शब्दाला शब्द देत नसत, जपून ठेवत. दिराचे असे किती शब्द तीन वर्षांत जमा झाले होते, कुठला कुठल्या दिवशी, कुणासमोर, सगळं त्यांना पाठ होतं. आजचा सगळ्यात वर ठेवला.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं.

नवऱ्याच्या कामाच्या टेबलाला एक खण होता, खूप घट्ट बसवलेला. हवा कोरडी असली की तो लोण्यासारखा सरके. हवेत ओल आली की लाकूड फुगे आणि खण जागचा हलत नसे. नवरा रोज सकाळी आधी खण ओढून बघायचा आणि मगच पॉलिशच्या बाटलीला हात लावायचा. विनाकारण फुगतात म्हणून त्याने खणाचं नाव ठेवलं होतं सासूबाई. "सासूबाई फुगल्या, आज सुट्टी," असं तो ओरडला की पोरकट आनंदाने दोघं समुद्रावर चहा प्यायला जात. पाहुण्यांना हा खेळ दाखवायची त्याला हौस होती, म्हणून दिरालाही तो माहीत होता. हवा ओली की खण अडतो, एवढं त्याला पाठ होतं. का अडतो, ते विचारायची त्याला कधी गरज वाटली नाही.

दोन महिन्यांपूर्वी एका दमट दिवशी दिराने आपला चष्मा त्या खणात ठेवला आणि खण अडकला. ओढून ओढून त्याचे कान लाल झाले. शेवटी त्याने सुतारमामांना बोलावलं.

"कड रंधून टाका याची."

सुतारमामा तीस वर्षांपासून दुकानात. ते चाचरले. "वहिनींना विचारू का एकदा?"

"खण माझा, चष्मा माझा. वहिनींना काय विचारायचं?"

मामांनी रंधा मारला. वहिनींनी ढलप्या झाडून टोपलीत टाकल्या आणि मूग गिळून बसल्या. त्या दिवसापासून सासूबाई बारा महिने तेरा काळ हसतमुख झाल्या.

मंगळवारी वारा कोरडाच होता. वहिनींनी टेबलावर पाच हात चढवले. लाकडाच्या आतून तांबूस रंग वर आला. आता फक्त शेवटचा हात राहिला होता. तो सगळ्यात पातळ, आणि त्याच्यावरच सगळं ठरतं. तो मारण्याआधी दोन दिवस वाळायला हवं.

बुधवारी वारा पडला. दुपारी खिडकीतून येणारी हवा कोमट झाली. वहिनींच्या फुटलेल्या ओठांची आग थांबली, तेव्हाच त्यांना कळलं की वारा आता समुद्राकडून येणार.

गुरुवारी तो आलाच. सकाळी बंदरातला भोंगा दोनदा वाजला, म्हणजे बाहेर पाण्यावर धुकं. दीर चष्मा पुसत खोलीत आला.

"वाचनालयाच्या बाई उद्या दुपारी टेबल बघायला येतायत. शेवटचा हात आज मारून टाका."

वहिनींनी एकदा, फक्त एकदा, तोंड उघडलं. "भाऊजी, हवा..."

"परत तोंड?" तो कामाच्या टेबलाकडे गेला, मोठ्या ऐटीत दोन बोटांनी खण ओढला. खण सुळकन बाहेर आला. "बघा! सासूबाई खूश आहेत. मला काही कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? दादाकडूनच शिकलोय."

दारात सुतारमामा उभे होते. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान अगदी एवढीशी हलवली. नको. मामा आले तसे परत गेले.

"शहाणे आहात भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "मारते."

आणि त्यांनी मारला. बारा फूट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, एकही थेंब न सांडता. आयुष्यातला सगळ्यात नीट हात त्यांनी त्या दिवशी मारला. निम्म्यावर मनगट आपोआप थांबलं. सोळा वर्षांची सवय होती ती, ओल्या हवेत हात पुढे जायला तयारच होईना. वहिनींनी मनगटाला दटावलं. सोमवारचा शब्द आठवला. मग मनगट चाललं, चांगलं चाललं. नवरा असता तर त्याने आधी धाकट्या भावाला झापलं असतं, मग त्यांना. त्यांना जरा जास्तच. हे त्यांना माहीत होतं, आणि तरी शेवटचा कोपरा पुरा करताना त्यांना भूक भागल्यासारखा आनंद झाला.

शुक्रवारी सकाळी टेबल पांढरं पडलं होतं. रंगाचा पत्ता नव्हता. बाहेर रस्त्यावर धुकं आणि आत टेबलावर धुकं.

ग्रंथपाल बाई दुपारी आल्या. जन्म वाचनालयात गेलेला, त्यामुळे त्या कधी आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच लोक त्यांना घाबरत. त्यांनी टेबलावरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"काय सांगू बाई," दीर हात चोळत म्हणाला, "वहिनींनी घाई केली. मी सांगत होतो थांबा म्हणून. पण बायकांचं डोकं, एकदा घेतलं की..."

"वहिनी?" बाई वळल्या.

"हात माझाच," वहिनी म्हणाल्या. "हवा भाऊजींनी पाहिली. सासूबाईंना विचारून."

"तुमच्या सासूबाई इथे असतात?"

"असतात. त्या खणात."

बाईंच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून दिराला अवसान आलं. "मी दाखवतो! ही आमची घराण्याची पद्धत आहे. हवा ओली असली की हा खण अडतो. आणि हा बघा." खण सुळकन बाहेर. "आत्तासुद्धा सरकतो! म्हणजे हवा कोरडीच आहे. दोष हाताचाच." हे बोलताना त्याच्या चष्म्यावर बाहेरच्या धुक्याचा थर होता आणि तो रुमालाने तो पुसत होता.

"साहेब," दारातून सुतारमामा म्हणाले, "तो खण मी रंधलाय. तुम्हीच रंधायला लावला. आता तो समुद्रात बुडवला तरी अडायचा नाही."

बाईंनी वाकून खणाची कड पाहिली. तिथे जुन्या काळपट लाकडात रंध्याचा ताजा गोरा पट्टा होता. दिराचा रुमाल मध्येच थांबला.

बाईंनी मग वहिनींना विचारलं, "तुम्हाला हे काल माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं काम तोंडाचं नाही, असं सोमवारी ठरलं."

बाई टेबलाकडे वळल्या. "म्हणजे भांडण तुमचं आणि टेबल माझं गेलं. तुम्हीही काही कमी नाही." वहिनींच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ते बरोबर होतं. "नीट होईल का?"

"होईल. स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा फिरवला की पांढरं निघून जातं. पण कोरड्या वाऱ्यात. उद्या पाऊस पडेल, मग वारा उत्तरेचा होईल. रविवारी उजाडताच बसले तर नऊपर्यंत टेबल तयार."

"मग बसा."

"ही खोली कुणाची ते ठरलं की बसते."

दीर पुढे आला. "वहिनी, घरातलं घरात बोलू ना."

"घरातलंच बोलतेय भाऊजी. खोलीची किल्ली द्या. दुसरी किल्ली नको, तुमच्या जुडग्यातलीच द्या. आणि मशीनवाल्याला आत्ता फोन करा, इथून, आमच्यासमोर."

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई घड्याळाकडे पाहत होत्या. त्याने फोन केला, 'सध्या नको' म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "सध्या नाही. कधीच." त्याने तेही सांगितलं. मग जुडग्यातून किल्ली सोडवायला बसला. नख मोडलं, तेव्हा किल्ली निघाली.

"झालं?"

"अजून एक. मघाशी घाई कुणी केली म्हणालात?"

दिराने ओठ हलवले.

"मोठ्याने बोला," म्हणाल्या ग्रंथपाल बाई. आयुष्यभर लोकांना गप्प करणाऱ्या बाईंच्या तोंडून हे ऐकून सुतारमामांना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर पळाले.

"घाई मी केली," दीर म्हणाला. "वहिनींची चूक नाही." किल्ली देताना त्याला जेवढं जड गेलं नव्हतं, तेवढं हे जड गेलं. वहिनींनी ते बरोबर पाहिलं आणि जपून ठेवलं.

शनिवारी पाऊस पडला. दीर तासातासाला खिडकीशी येई. "वहिनी, फिरला का वारा?" सकाळी वहिनीही आतून घाबरलेल्या होत्या. वारा फिरला नाही तर टेबल जाणार, टेबलाबरोबर त्यांचा शब्द, आणि मग किल्ली कितीही घट्ट धरली तरी काय उपयोग? चारच्या सुमारास पाऊस थांबला. त्यांनी खिडकीतून चेहरा बाहेर काढला. गालाला पातळ गार हवा लागली, ओठ ताणले गेले. फिरला होता.

"फिरला का वहिनी?" मागून दिराचा केविलवाणा आवाज आला.

"बघू," वहिनी म्हणाल्या, आणि त्याला पुढचे चौदा तास तसंच ठेवलं.

रविवारी उजाडताच त्या बसल्या. बोळ्याला स्पिरिट इतकं कमी, की तळहाताला फक्त गारवा कळावा. पहिला हात फिरला आणि पांढऱ्याखालून तांबूस पट्टा वर आला. मग दुसरा. टेबल हातभर हातभर परत येत होतं आणि वहिनी त्याच्या कानाशी बोलल्यासारखं हळूच म्हणत होत्या, "तुझा काही दोष नव्हता, बरं का." दिराने चहा आणून दिला. तो त्यांनी प्यायला नाही, पण कप ठेवून घेतला. पावणेनऊला टेबल टेम्पोत चढलं. टेबल न्यायला आलेल्या बाईंनी टेम्पोच्या खिडकीतून हात केला, आभार मानले नाहीत. वहिनींनाही ते अपेक्षित नव्हते.

सोमवारी थंडी कडक पडली. आकाश निळंभोर, रस्त्यावरची धूळ वाजेल इतकी कोरडी. दीर एक मोडकी खुर्ची स्वतः उचलून मागच्या खोलीच्या दारात आला. तीन वर्षांत त्याने खुर्ची फक्त बसायला वापरली होती, उचलायला पहिल्यांदाच. उंबऱ्याशी तो थांबला.

"वहिनी, आत येऊ का? ही कुठे ठेवू?"

वहिनींनी मान वर केली नाही. त्यांचा हात एका कपाटाच्या फळीवर गोल गोल चालला होता.

"आज हवा फार ओली आहे, भाऊजी. बाहेरच ठेवा. आणि दार ओढून घ्या."

दिराने वर आकाशाकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं. खुर्ची उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दार ओढून घेतलं.