बशीतला चहा

पोळा आला की उंद्रीत निवृत्तीच्या दारात बैलांची रांग लागायची. शिंगं काय, कुणीही रंगवतं. पण निळ्या रंगावर केसाएवढी बारीक सोनेरी रेघ ओढावी ती निवृत्तीनंच. किडनी बदलल्यापासून मात्र त्याचा हात थरथरत होता. बायकोची, विमलबाईची किडनी त्याच्या पोटात सुखानं नांदत होती. शरीरानं तिला परकी समजून हुसकावू नये म्हणून जन्मभराच्या गोळ्या होत्या, आणि हाताची थरथर हा त्या गोळ्यांचाच प्रताप. तोंडही फुगलं होतं भाकरीसारखं. लोक म्हणायचे, "तब्येत सुधारली!" तोंडाचं त्याला काही नव्हतं. हाताचं दुःख होतं.

सकाळी कपातला चहा बशीत ओतताना निम्मा ओट्यावर जायचा. विमलबाई फडकं घेऊनच बसायची. "या ओट्याले रोज चहा लागते बाप्पा," म्हणायची.

यंदा पोळा जवळ आला तसा चुलतभाऊ महादेवराव गुळवेलीचा काढा घेऊन हजर झाला. "ताकद वाढते बे यानं! पोयापुरत्या गोया बंद ठेव. मंग पाह्य, हात कसा सरका चालते." शरीराची जी ताकद गोळ्या मुद्दाम दाबून ठेवत होत्या, तीच हा काढा उठवून बसवणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. निवृत्ती बायकोदेखत गोळ्या तोंडात टाकायचा आणि शेवग्याच्या बुंध्याशी जाऊन थुंकायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं चहा ओतला. एक थेंब सांडला नाही! शाबासकी मिळेल म्हणून त्यानं ऐटीत बायकोकडे पाहिलं. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं होतं.

"गोयी घेतली?"

"हाव."

"मंग चहा काऊन नाही सांडला?"

निवृत्तीनं बशी तोंडाला लावली. विमलबाईनं पदर सारून कुशीवरचा व्रण दाखवला. "याच्यावर हात ठेवा अन् सांगा, घेतली म्हणून."

तो सरळ झालेला हात काही तिथवर गेला नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं काढ्याचं भांडं मोरीत उपडं केलं आणि मिळेल त्या गाडीनं त्याला संभाजीनगरला नेलं. किडनीला सूज आली होती. डॉक्टरांनी आधी झापलं, मग इंजेक्शनं दिली. किडनी थोडक्यात बचावली. गावात मात्र महादेवरावानं रंगवलेली शिंगं बघून बैलसुद्धा लाजले म्हणतात.

घरी परतल्यावर पहिल्या सकाळी विमलबाईनं चहा दिला आणि समोर बसली. तिचा कप निवत होता. तिनं हात लावला नाही. निवृत्तीनं कप उचलला. बोटं थरथरली, बशी वाजली आणि चहाचा ओघळ ओट्यावरून खाली निघाला.

"सांडला," तो ओशाळून म्हणाला.

"सांडू द्या," विमलबाई म्हणाली. पदरानं डोळे पुसले, आणि मग तिनं आपला चहा घेतला.