हनुवटीखालचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. हेल्मेटचा. हनुवटीखाली लावायचा असतो ना, तोच. मित्रांनो, हेल्मेटचं कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. माझ्याबद्दल कुणी चार शब्द बोलत नाही, म्हणून आज मीच बोलतो. तसंही मला स्वस्थ बसवत नाही.

कारखान्यात मला हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना पक्कं बसवलं आणि टोकाला खटका लावला. 'कट्' असा आवाज आला की काम फत्ते. मला ओढलं, ताणलं, वजन टांगून पाहिलं. मी तुटलो नाही. आता आपण कुणाचं तरी डोकं सांभाळणार, या विचाराने केवढी ऐट आली होती मला!

रहाटणीच्या रविराजने आम्हाला विकत घेतलं. तो चाकणच्या एका कंपनीत कामाला होता आणि तिथे हेल्मेटशिवाय मोटारसायकल गेटच्या आत सोडत नसत. म्हणजे आमची खरेदी डोक्यासाठी नव्हती, गेटसाठी होती. मोशीपर्यंत आम्ही आरशाला अडकवलेले. चाकण जवळ आलं की डोक्यावर. गेटवरच्या माणसाला हेल्मेट दिसायचं. पट्टा त्याने कधी पाहिला नाही. मी वाऱ्यावर फडफडायचो, रविराजच्या गालावर चापट्या मारायचो. लाव रे मला, लाव! तो वैतागून मला आत कोंबायचा. शेजारून कंटेनर गेला की माझा जीव नुसता खालीवर व्हायचा.

त्याची आई गोजाबाई रोज दारातून ओरडायच्या, "आरं, डोक्यात घाल की ते!"

"घालतो गं पुढं."

हे 'पुढं' नेमकं कुठे येतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एका गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. आईचे डोळे दाखवायला रविराज थेरगावला निघाला. हेल्मेट एकच. ते त्याने आईच्या डोक्यावर चढवलं.

"ह्ये खाली काय लोंबतंय रं?" गोजाबाईंनी विचारलं.

"थांब, हलू नको." त्याने मला हनुवटीखालून ओढून घेतलं, 'कट्' केलं. मग पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. "आवळतंय का?"

"न्हाई. आन तुला काय?"

"इथंच तर जायचंय, आई."

मी थक्क झालो. याला सगळं येत होतं! पट्टा लावायचा कसा, किती घट्ट, सगळं. आईसाठी आठवलं, स्वतःसाठी कधीच नाही. मला आनंद झाला आणि रागही आला.

डांगे चौकाच्या अलीकडे वळसा वाचवायला तो राँग साइडने घुसला. समोरून रिक्षा आली. त्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि दोघंही रस्त्यावर फेकली गेली. गोजाबाईंचं डोकं दुभाजकावर आदळलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावून हनुवटीला धरून राहिलो. हेल्मेटला तडा गेला, पण त्यांच्या डोक्याला काही झालं नाही. रविराज पलीकडे पडला होता, उघड्या डोक्याने. त्याच्यासाठी मला काहीही करता आलं नाही.

रविराज वाचला. पुष्कळ दिवस दवाखान्यात राहून घरी आला. बोलतो, हसतो, पण डोक्याला बसलेल्या मारामुळे उजवा हात उचलता येत नाही आणि डाव्याची बोटं थरथरतात. चाकणची नोकरी सुटली. एकदा मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, म्हणून आम्ही दाराआड खिळ्याला लटकलो आहोत. गोजाबाई आम्हाला टाकू देत नाहीत.

त्याची बायको मोनिका आता त्याला स्कूटरवरून हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेते. तिने दोन नवी हेल्मेट आणली आहेत. निघताना रविराज स्वतःच पट्टा लावायला बघतो. खटका एकदा निसटतो, पुन्हा निसटतो. मी खिळ्यावर तळमळत असतो. शेवटी तो मान वर करून आईकडे बघतो. गोजाबाई पुढे येतात, 'कट्' करतात आणि पट्ट्याखाली बोट घालून विचारतात, "आवळतंय का रं?"

तो मान हलवतो. डोळे मात्र भरून आलेले असतात.

मित्रांनो, पट्टा लावायला तुमची बोटं अजून धड आहेत. आहेत तोवर लावा.