पिन सांग

देवानंद सरांनी लाकडी पट्टी टेबलावर अशी आपटली की खडूचा डबा उडून खाली पडला.

"पिन सांग!"

"नाही सांगत," पुष्पांजली म्हणाली.

"अवं, मी तुहा मामा होय. तुह्या लग्नाले मीच उभा राहीन. सांग!"

"लग्नाले उभे राह्यजा, मामा. पण पिन नाही सांगत."

वर्ग फिसकन हसला. सरांनी डोळे वटारले, पट्टी तिच्या वेणीजवळून सूं करत फिरवली. पोरगी हलली नाही. खालच्या ओठाला आतून दात लावून नुसती बघत राहिली.

अकरावी कलाच्या वर्गात शनिवारचा शेवटचा तास म्हणजे असला तमाशा. पुस्तकातलं बँकेचं प्रकरण सरांनी दोन दिवसांत उरकलं होतं. पोरांनी ते पाठ केलं आणि विसरूनही गेली. मग सरांनी आपल्या डोक्यानं हा खेळ काढला. सर कधी बँकेचा साहेब व्हायचे, कधी मामा, कधी होणारा नवरा. धाक दाखवायचे, लाडीगोडी लावायचे, रडूनही दाखवायचे. ज्याच्या तोंडून पिन निघाला तो लुटला. लुटल्या गेलेल्यानं दाराजवळ जाऊन उभं राहायचं, घंटा होईपर्यंत. यात कुणाला माफी नाही.

आज तिथं प्राची उभी होती. आख्ख्या वर्गात तोंडाळ पोरगी, पट्टीला भीक घातली नाही तिनं. पण सरांनी मावशी होऊन विचारलं, "बाई वं, जेवली का तू? सुकून गेलीस वं," तसे चारही आकडे धडाधडा सांगून मोकळी झाली.

"पाह्यलं?" सर वर्गाला म्हणाले. "माराले माणूस टिकते. गोडीले नाही टिकत."

"सर, पण मी जेवलीच नव्हती," दारातून प्राची म्हणाली.

पुन्हा हशा.

"बरं, आता शेवटचं. मी मामा नाही, साहेब नाही. मी देवानंद मास्तर, तुमचा अर्थशास्त्राचा. तुमचं खातं मीच उघडून देल्लं. मी म्हणलं, सांगा बाप्पा पिन. तं काय म्हणान?"

"नाही सांगत!" छपराचे पत्रे दणाणले.

सर खूश झाले. ते खाली वाकून खडू वेचायला लागले. शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं तेव्हा त्यांनी या पोरांना टोळ्याटोळ्यांनी बँकेत नेलं होतं, सगळ्यांची खाती उघडली होती. पुष्पांजलीची स्कॉलरशिप त्याच खात्यात आली. ब्लाउज शिवून पैसे मिळायचे तेही ती तिथंच टाकायची. बारावी झाली की नर्सिंगला जायचं, हे तिनं एकदाच सरांना सांगितलं होतं. आणि पुन्हा त्याचा उच्चार नाही. पण दर महिन्याला सरांसमोर पासबुकाचं पान उघडून धरायची. 

बाहेर टेम्पो कचकन थांबला. शाळा जवळजवळ रिकामी होती. बाकीचे मास्तर पोरांना घेऊन खेळांच्या स्पर्धेला मेहकरला गेले होते, शिपाईही त्यांच्यासोबत; आज घंटाही याच वर्गातल्या पोरानं द्यायची होती. सरांनी खडू डब्यात टाकले आणि मान वर केली तेवढ्यात प्राचीचं डोकं चौकटीवर आपटल्याचा आवाज झाला.

तिला ढकलून दारात गोकुळ उभा होता, पुष्पांजलीचा मोठा भाऊ. बाप गेल्यापासून दुसऱ्याचा टेम्पो चालवून घर ओढणारा. त्याचा ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद, शर्टाची बाही खांद्यापासून लोंबत होती. सकाळी स्टँडवर टेम्पोच्या मालकानं त्याला लोकांसमोर पट्ट्यानं सडकला होता. अद्रकीच्या भाड्याचे पैसे गोकुळनं मोबाइलवरच्या रमीत घातले, हे गावभर झालं होतं. त्याच्या एका हातात बहिणीचं एटीएम कार्ड होतं. दुसऱ्या हातात टॉमी, चाक खोलायची लोखंडी सळई.

"छकुले," तो म्हणाला. "पिन सांग."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. त्या पोराला वाटलं असेल, सरांनीच बोलावला. खेळातला आहे.

गोकुळनं तिसऱ्या बाकापर्यंत जाऊन तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला बाकातून बाहेर ओढली. पलीकडचा बाक आडवा झाला. मग कोणी हसलं नाही.

"दोन खेपा चुकला. तिसऱ्यांदा चुकला तं कार्ड बंद पडते. सांग लवकर."

तिनं खालच्या ओठाला दात लावले. त्यानं उलट्या हातानं तिच्या तोंडात मारली. एक, अजून एक. दुसऱ्या वेळी रक्ताचा बारीक फवारा शेजारच्या पोरीच्या वहीवर उडाला. ती पोरगी वही पुसायला लागली, ओढणीनं, घाईघाईनं, जणू तेच काम होतं.

"गोकुळ!" सर मध्ये पडले. "सोड तिले. बाहेर चाल, आपण बोलू."

"काय बोलता मास्तर? हे तुमीच शिकवलं न? माह्या घरची पोट्टी मलेच म्हणते नाही सांगत. काऊन? मी चोर हाव का?"

"तसं नाही रे बाबा..."

"एक डाव लागला का डबल करून देतो म्हणलं तिले. सारे निघतात पैसे. मालकाचेबी, घरचेबी."

"तो डाव लागत नसते, गोकुळ. तुले मी सांगतो ना, तो खेळ बनवलाच असा..."

टॉमी कधी वर गेली हे सरांना दिसलंच नाही. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला, आणि सरांचा उजवा हात मनगटापासून भलत्याच दिशेला गेला. पट्टी खाली पडली. सर गुडघ्यावर बसले. त्यांना ओरडायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा निघाली. धम्मरत्न नावाचा दांडगा पोरगा बाकातून अर्धा उठला होता, तो टॉमीकडं बघून तसाच अर्धा राहिला.

गोकुळनं बहिणीला तिच्याच बाकावर दाबली. तिचा हात ओढून लाकडावर पालथा ठेवला, बोटं पसरून.

"या हातानंच शिवतं न तू?" त्याचा आवाज बारीक झाला होता. ओरडत होता तेव्हा बरा होता. "याच हातानं सुया टोचणार न दवाखान्यात?"

त्यानं टॉमी वर धरली.

सरांना तिची बोटं दिसत होती. तर्जनीवर सुईचे बारके काळे ठिपके. आपल्या मनगटातून निघालेला आवाज त्यांना अजून ऐकू येत होता. आता तोच आवाज पुन्हा येणार, लहान होऊन, पाच वेळा.

"सांग!" सर ओरडले. "पुष्पांजली, सांगून टाक! सांग बाई, जाऊ दे पैसे!"

बाहेर टेम्पोचं इंजिन घुरघुरत होतं.

पुष्पांजलीनं मान वळवली. भावाकडं नाही. तिनं सरांकडं पाहिलं. हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं, आणि नजर तीच होती, मघाची, पट्टी वेणीजवळून फिरली तेव्हाची.

"नाही सांगत, सर," ती म्हणाली.

सर काही बोलणार, तेवढ्यात दाराजवळून प्राची म्हणाली, कपाळावर हात दाबून धरलेली, "नाही सांगत."

मग वही पुसणारी पोरगी. मग धम्मरत्न, आणि तो पूर्ण उभा राहिला. मग सगळा वर्ग उठला. या वेळी पत्रे दणाणले नाहीत. आरोळी नव्हतीच ती. कोणी आधी बोललं, कोणी नंतर, कोणाचा आवाज फाटला. "नाही सांगत. नाही सांगत." आणि बोलता बोलता पोरं बाकांच्या मधून पुढं सरकायला लागली.

गोकुळनं टॉमी हाणली.

बाकाची फळी चिरफाळली. पुष्पांजलीची बोटं त्या चिरेपासून तसूभर अलीकडं होती, जिथं ठेवली तिथंच. त्यानं नेम चुकवला की चुकला, कोणाला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. तो त्या फळीकडंच बघत राहिला.

"छकुले," तो म्हणाला. "मालक मले अजून मारीन वं."

"माहीत हाय मले."

"मंग?"

"घरी ये. हळद लावून देईन," ती म्हणाली. ओठ सुजल्यामुळं तिला नीट बोलता येत नव्हतं. "पिन नाही सांगत."

गोकुळनं सुजल्या डोळ्यावर मनगट घासलं. तिची वेणी अजून त्याच मनगटाला गुंडाळलेली होती, तीही डोळ्याला लागली. त्यानं ती हळूहळू सोडवली. कार्ड त्याच्या हातून पडलं की त्यानं टाकलं, ते तिथंच राहिलं. पोरांनी वाट दिली. टॉमी फरशीवर घासत, खर्र खर्र करत तो बाहेर गेला. टेम्पो दोनदा बंद पडला, मग निघाला.

बराच वेळ कोणी बसलं नाही. मग कोणीतरी आडवा बाक सरळ केला. एका पोरीनं बाटलीतलं पाणी पुष्पांजलीच्या ओंजळीत ओतलं. तिनं चूळ भरली, खिडकीतून बाहेर थुंकली आणि जागेवर येऊन बसली, चिरलेल्या फळीसमोर.

देवानंद सर टेबलाला धरून उठले. उजवा हात छातीशी, लहान लेकरू धरावं तसा. त्यांनी डाव्या हातानं कार्ड उचललं, शर्टाला पुसलं आणि तिच्यापुढं ठेवलं.  तिनं कार्ड कंपासपेटीत टाकलं, झाकण लावलं. मग वर बघून ती थांबली, सर तास पुढं चालू करतील म्हणून.

"सर," धम्मरत्न म्हणाला, "दवाखान्यात चला न. माह्या काकाची गाडी आणतो."

"घंटा होऊ दे," सर म्हणाले.

त्यांनी खुर्चीकडं पाहिलं. फळ्याकडं पाहिलं. मग बाकांच्या मधून, कोणाकडं न बघता, ते मागं गेले आणि दाराजवळ भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

प्राची जराशी सरकली. त्यांना जागा करून दिली.