बाहेरच्या बाटल्या

समुद्र-प्रयोगशाळेचा खुला दिवस होता. जिन्यात मुलांचा गलका, काचेच्या टाकीतल्या तारामाशाला हात लावायला ही रांग. अकरा वाजता सभागृहात तिचं, इथल्या तरुण संशोधिकेचं, व्याख्यान होतं आणि तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. ती खुर्चीत बसायची, उठायची, खिडकीशी जाऊन परत यायची.

परवा व्याख्यानासाठी फोटो काढायला म्हणून ती सूक्ष्मदर्शकाशी बसली आणि घोटाळा दिसला. खाडीच्या तोंडापलीकडून, खुल्या समुद्रातून, दर पंधरवड्याला बाटल्या यायच्या. त्यातले सूक्ष्म जीव मोजणं हे तिचं काम. आठ महिने तिने नुसते आकडे लिहिले होते. परवा नीट पाहिलं, तर हे सगळे जीव खाडीच्या गोडसर पाण्यातले! नोंदवहीत खारेपणाही कमीच लिहिलेला. म्हणजे बाटल्या बाहेर गेल्याच नव्हत्या. आणि त्याच आकड्यांवर दारात भला मोठा फलक उभा होता: ‘बाहेरच्या समुद्रातलं सूक्ष्म जीवन निम्म्यावर’.

बाटल्या आणायचे प्रयोगशाळेचे होडीवाले, म्हणजे तिचे सख्खे काका. वडील गेल्यावर त्यांनीच तिला शिकवलं होतं. दोन दिवस दोघं ताटाला ताट लावून जेवली, पण तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

संचालकांना मात्र तिने सांगितलं होतं.

“आजचा दिवस जाऊ दे,” ते म्हणाले. “चारचौघांत पचका नको. नंतर निस्तरू.”

व्याख्यान सुरू झालं. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग पडद्यावर त्याच आकड्यांचा आलेख आला आणि तिची जीभ अडखळली.

“हा आलेख चुकीचा आहे,” ती म्हणाली. “पाणी ठरल्या जागेचं नव्हतं. मी तपासायला हवं होतं, तपासलं नाही. चूक माझी.”

पहिल्या रांगेत संचालकांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तिची नाही, माझी.” काका उभे होते. “गुडघा साथ देईना. बाहेरच्या लाटांत होडी सांभाळेना, म्हणून आतच बाटल्या भरल्या. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं मला.”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. एका शिक्षिकेने विचारलं, “मग बाहेर खरं काय चाललंय?”

“माहीत नाही,” ती म्हणाली.

वाटलं होतं, लोक उठून जातील. उलट प्रश्नांची नुसती सरबत्ती झाली, तासभर.

दुपारी संचालकांनी स्वतः फलक उतरवला, तिला फैलावर घेतलं आणि काकांच्या हातून होडी काढून घेतली. काका मागच्या पायरीवर बसले होते.

“कधी कळलं तुला?”

“परवा.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“भीती वाटत होती. तुम्ही हो म्हणाला असता तर?” मग तिचा आवाज चढला. “राग आलाय मला, काका. आठ महिने पाण्यात गेले!”

काका गुडघा चोळत राहिले. ती त्यांच्या शेजारी बसली. शेवटी म्हणाली, “नव्या होडीवाल्याला जागा कोण दाखवणार?”

पंधरा दिवसांनी नव्या होडीवाल्यासह तिघं खाडीबाहेर गेली. काका पुढे बसून दिशा सांगत होते. ती कठड्याला धरून दोनदा ओकली, पण बाटली तिने स्वतःच्या हाताने भरली.

परतल्यावर कपडेही न बदलता ती मोजायला बसली. काका मागे येरझाऱ्या घालत होते.

“कमीच आहेत का गं?”

“एका बाटलीवरून नाही सांगता येत,” ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.